सरत्या वर्षाचं वाचन : १९ पुस्तकं आणि १६ गहाळ पानं

करवंद | २० डिसेंबर २०२५, रात्री १०.४०

दर डिसेंबरात इथे वाचनाचा धागा निघतो आणि दरवर्षी मी तो वाचते, वाचनखूण साठवते आणि गप्प बसते. यंदा दुसऱ्या कुणी काढायच्या आत मीच काढतेय.

झालं असं की जानेवारीत आमच्या पुस्तकांच्या कपाटाला वाळवी लागली. खालचे दोन कप्पे गेले. वरून पुस्तक अगदी धड दिसायचं, हातात घेतलं की आतून माती. भिंतीचं काम होईपर्यंत एकही नवं पुस्तक घरात यायचं नाही, असं फर्मान निघालं. भिंतीचं काम अजून व्हायचंच आहे. मग वीसेक वर्षांनी गावच्या वाचनालयाची पायरी चढले. अनामत ५००, महिना ६०, एका वेळी एक पुस्तक आणि एक मासिक.

पहिल्याच आठवड्यात कळलं की कादंबऱ्यांच्या मांडणीसमोर पाच वाजता ज्येष्ठ नागरिकांची फळी उभी असते. परत आलेलं नवं पुस्तक टेबलावर टेकायच्या आत उचललं जातं. तिथे आपला निभाव लागणार नाही म्हणून मी मागच्या खोलीत, 'चरित्र-आत्मचरित्र' चिकटवलेल्या कपाटाकडे वळले. वर्षभर तिथेच राहिले म्हटलं तरी चालेल. १९ पुस्तकं पूर्ण झाली, सहा अर्धी टाकली.

पहिलं हाती लागलं ते विष्णुभट गोडसे यांचं 'माझा प्रवास'. शाळेत धडा म्हणून ओझरतं भेटलेलं. पूर्ण वाचल्यावर मात्र आठवडाभर दुसरं काही हातात धरवेना. पेणजवळच्या वरसईचा हा गरीब भिक्षुक. डोक्यावर कर्ज. मथुरेला ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे मोठा यज्ञ करणार, दक्षिणा बरी मिळेल, एवढं ऐकून काकाबरोबर उत्तरेकडे निघतो. साल १८५७! बिचारा थेट बंडातच जाऊन पडतो. झाशीला वेढा पडला तेव्हा हा शहराच्या आत. दक्षिणा मिळते, लुटली जाते, पुन्हा मिळते, पुन्हा लुटली जाते. राणीची दिनचर्या, कत्तल, जळणारं शहर, राजवाड्यातल्या ग्रंथसंग्रहाची धूळधाण, हे सगळं तो ज्या सुरात सांगतो त्याच सुरात कुठे जेवण काय मिळालं तेही सांगतो. काल्पीच्या वाटेवर विहिरीपाशी राणी भेटते, तहानलेली. हा पाणी काढून द्यायला पुढे होतो. ती म्हणते, तुम्ही विद्वान ब्राह्मण, तुम्ही नको, मीच काढते. आणि मडक्यातलं पाणी ओंजळीने पिते. एवढंच. पुढे भाष्य नाही. आजचा कुणी असता तर या विहिरीवर अख्खं प्रकरण रचलं असतं.

आता खरी गंमत. माझ्या आधी कुणीतरी या प्रतीत पेन्सिलीने हिशोब मांडलेला आहे. मजकुरात जिथे जिथे रक्कम येते तिथे खाली रेघ, समासात बारीक अक्षरात जमा, खर्च आणि चालू बेरीज. माणूस बँकेतला किंवा पेढीवरचा असणार. झाशीच्या लुटीपर्यंत बेरीज अगदी नेटकी चाललीय. त्यानंतर रकमांखाली रेघासुद्धा नाहीत. पुस्तक पुढे बरंच आहे, शेवटी हा माणूस गंगेची कावड खांद्यावर घेऊन चालत घरी येतो आणि आईवडिलांना त्या पाण्याने स्नान घालतो, पण पेन्सिल झाशीतच थांबली.

दुसरं 'स्मृतिचित्रे'. लक्ष्मीबाई टिळकांबद्दल मी नव्याने काय सांगणार? वडिलांचं सोवळ्याचं वेड, नवरा घरातून कधी निघून जाईल याचा नेम नाही, हातात पैसा टिकत नाही, आणि बाई हे सगळं असं सांगतात की आपण बसमध्ये एकट्याच हसतो आणि शेजारची बाई सरकून बसते. पण आमच्या वाचनालयाच्या प्रतीत एक अपघात आहे. बाइंडरने एक फॉर्मा (सोळा पानांची जुडी) दोनदा शिवलाय. ९७ ते ११२ ही पानं दोन वेळा आणि ११३ ते १२८ गायब. तेही कुठे? नवरा, म्हणजे कवी नारायण वामन टिळक, ख्रिस्ती होणार होणार अशी चाहूल लागलेली, आणि पुढचं पान उघडतं तेव्हा ते होऊन गेलेलं. १८९५ सालची गोष्ट, सगळ्या महाराष्ट्राला ठाऊक असलेली, पण ती बातमी पोचली त्या दिवशी ही बाई काय म्हणाली तेच मला माहीत नाही! ग्रंथपाल मॅडम म्हणाल्या, "अगं, आतापर्यंत कुणी तक्रारच केली नाही." म्हणजे एकतर कुणी तिथपर्यंत पोचलं नाही, किंवा पोचलेल्याला फरक पडला नाही. दोन्ही वाईटच.

तिसरं बेबीताई कांबळे यांचं 'जिणं आमुचं'. फलटणला दुकानात बसून, नवऱ्याच्या नजरेआड लिहिलेलं आणि कित्येक वर्षं लपवून ठेवलेलं. १९८६ला पुस्तक झालं. यात 'मी' शोधावा लागतो, सगळीकडे 'आम्ही'. आणि गावाला सोडत नाहीत तशा बाई आपल्या वस्तीतल्या सासवांनाही सोडत नाहीत. दीडेकशे पानांचं असेल. मला बारा दिवस लागले.

बाकीची भराभर: रमाबाई रानडे (आवडलं, पण पतीदेवांची सावली फार), आनंदीबाई कर्वे यांचं 'माझे पुराण' (महर्षींच्या घरात पीठमीठ कोण बघत होतं ते यातून कळतं), दोन उद्योगपतींची चरित्रं (टाकली), एका नटाचं आत्मचरित्र (फोटो छान).

तर माझं म्हणणं असं की यंदा मला आवडलेली तिन्ही पुस्तकं, लिहिणं हा ज्यांचा धंदा नव्हता, अशांची आहेत. लिहायची सवय नसलेला माणूस नको तिथे थांबत नाही. तुमचं वर्ष कसं गेलं?

---

तिरकस | २० डिसेंबर, रात्री ११.१५

१९? वर्षाला? माझी ६१ झाली. एक्सेल आहे. लेखक, पानं, सुरू केल्याची तारीख, संपल्याची तारीख, पाचपैकी तारे. हवी असेल तर टाकतो.

---

सांजवात | २१ डिसेंबर, सकाळी ७.०५

करवंद, 'स्मृतिचित्रे' माझ्याकडे आहे, आईची प्रत. पण आवृत्ती वेगळी असणार, पान क्रमांक जुळायचे नाहीत. ११२वं पान ज्या वाक्यावर तुटतं ते आणि १२९वं ज्याने सुरू होतं ते व्यनि (व्यक्तिगत निरोप) कर. शोधते.

---

पाटीपेन्सिल | २१ डिसेंबर, दुपारी २.३०

धागा आवडला, पण शेवटच्या मुद्द्याशी असहमत. सविस्तर लिहितो, आज रविवार आहे.

मी सांगोल्याकडच्या एका वस्तीवरच्या शाळेत आहे. दोन शिक्षक, पाच वर्ग. यंदा मी नवं फारसं वाचलंच नाही. व्यंकटेश माडगूळकरांची 'बनगरवाडी' चौथ्यांदा वाचली, या वेळी मोठ्याने, चौथी-पाचवीच्या पोरांसमोर, रोज मधल्या सुट्टीनंतर दोन-तीन पानं. १९५५चं पुस्तक. पोरगेलासा मास्तर धनगरांच्या वस्तीवर येतो, शाळा आहे पण पोरं नाहीत, कारण पोरं मेंढरांमागे. माझ्या वर्गातली सात पोरं दिवाळीनंतर मेंढरांमागेच जातात. तेव्हा पोरांना मास्तर काही नवा वाटला नाही. त्यांना नवल एवढंच की हे कुणीतरी छापलंय.

एक किस्सा सांगतो. मेंढरांचा विषय निघाला म्हणून मी विचारलं, तुमची किती? एक पोरगा म्हणाला, "गुरुजी, मोजत न्हाईत." मग संध्याकाळी सगळी आली का नाही, कसं कळतं? तर म्हणे, बघितलं की कळतं कोण न्हाई ते. आकडा आम्ही विकत घेणाऱ्याला सांगतो. (तिरकस, हे तुमच्यासाठी नाही. बरं, थोडंसं आहे.)

तर मुद्दा. माडगूळकर पक्के लेखक होते, लिहिण्यात मुरलेले, आणि 'बनगरवाडी'त कुठेही फालतू थांबणं नाही. दुष्काळ येतो, वस्ती उठते, कारभारी जातो, सगळं हलक्या हाताने. म्हणजे साधेपणा हा न शिकलेल्याचाच असतो असं नाही. शिकून, मग विसरून सुद्धा तिथे पोचता येतं. उलट लिहायची सवय नसलेले कितीतरी लोक भयंकर लिहितात. सेवानिवृत्त अधिकाऱ्यांची आत्मचरित्रं वाचा. तुम्ही त्या कपाटातली चांगली तेवढी तीन उचलून नियम बनवलाय.

---

करवंद | २१ डिसेंबर, दुपारी ४.१०

पाटीपेन्सिल, सेवानिवृत्त अधिकारी मान्य! टाकलेल्या सहांत असे दोन आहेत.

सांजवात, व्यनि केलाय. ❤

---

बोरूबहाद्दर | २१ डिसेंबर, सायं. ६.२०

एक तांत्रिक दुरुस्ती. 'माझा प्रवास' विष्णुभटांनी आपणहून लिहिलं नाही. चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून लिहिलं, घटनांनंतर पंचवीसेक वर्षांनी, आणि छापलं गेलं १९०७ साली, विष्णुभटांच्या पश्चात. छापताना वैद्यांनी त्यावर हात फिरवला. मूळ हस्तलिखितावरून दत्तो वामन पोतदारांनी पुढे १९६६ साली आवृत्ती काढली. तेव्हा 'लेखक नसलेल्याचं सरळ लेखन' म्हणताना आपण कोणती प्रत वाचली ते आधी पाहावं. मुखपृष्ठाच्या आतलं पान बघून सांगा.

---

करवंद | २१ डिसेंबर, रात्री ९.००

पुस्तक केव्हाच परत केलंय हो. मंगळवारी जाऊन बघते. (सोमवारी वाचनालय बंद.)

पण तुमच्यामुळे एक गोष्ट डोक्यात आली. तिघांपैकी कुणीच 'पुस्तक लिहितो' म्हणून बसलं नव्हतं. विष्णुभटांना वैद्यांनी बसवलं. लक्ष्मीबाईंचा मुलगा देवदत्त वडिलांचं चरित्र लिहायला निघाला आणि आईकडे आठवणी मागितल्या. बेबीताई तर लपूनच लिहीत होत्या. म्हणजे समोर वाचक नव्हता, फार तर एक ओळखीचं माणूस होतं. मला वाटतं मी 'लेखक नसलेले' म्हणाले ते चुकलंच. बनगरवाडीचंही काहीसं तसंच वाटतं मला, कुणातरी एकाला शेजारी बसवून सांगितल्यासारखी.

---

लोकलवाला | २२ डिसेंबर, सकाळी ८.५०

डोंबिवली फास्टमधून टाइपतोय, शुद्धलेखन माफ.

मी यंदा एकही पुस्तक 'वाचलं' नाही, सगळी ऐकली. गर्दीत हात वर काढून पुस्तक धरणं शक्य नाही. नऊ झाली. सव्वापट वेगाने ऐकतो. एकदा दादर गेलं, परळ गेलं, भायखळ्याला भानावर आलो, साहेबांना काय सांगणार, कादंबरीत खून झाला होता?

करवंद, तुमच्या यादीत 'सांगत्ये ऐका' बसेल बघा. हंसा वाडकरांनी अरुण साधूंना सांगितलेलं. सांगत्ये, लिहित्ये नाही! 'भूमिका' सिनेमा त्यावरूनच. हे मात्र मी ऐकलं नाही, बायकोच्या पुस्तकांतून घेऊन रविवारी वाचलं. म्हणजे एक वाचलंच की. दहा.

---

आडवाट | २२ डिसेंबर, दुपारी १२.०५

'कोसला' तिसऱ्यांदा सोडली. पहिल्यांदा विसाव्या वर्षी, दुसऱ्यांदा तिशीत, आता पंचेचाळिशीत. दर वेळी वसतिगृहाच्या मेसच्या हिशोबापाशी अडकतो. कृपया कुणी समजवायला येऊ नये.

---

बोरूबहाद्दर | २२ डिसेंबर, दुपारी १२.२०

आपण

---

बोरूबहाद्दर | २२ डिसेंबर, दुपारी १२.२१

चुकून पाठवलं गेलं. असो. नाही समजावत.

---

हिमगौरी | २२ डिसेंबर, सायं. ५.४५ (आमच्याकडे दुपार)

श्टुटगार्टहून सगळ्यांना नमस्कार. इथे मराठी वाचन म्हणजे बॅगेचं वजन. २३ किलोत काय बसवायचं यावरून ऑगस्टमध्ये आईशी विमानतळावर वाजलं. तिने भाजणीचं पीठ तीन किलो भरलं होतं, मी पुस्तकं पाच किलो. काट्यावर दोन किलो जास्त. रांगेत बसून बॅग उघडली, मागे लोक खोळंबलेले. आई म्हणाली, "पुस्तकं काय, मी कुणाबरोबर तरी पाठवीन, पीठ तिकडे मिळायचं नाही." मी पीठ काढलं. ती काही बोलली नाही, पण निघताना पाया पडले तर 'सुखी राहा' नेहमीपेक्षा अर्ध्या पट्टीत आलं.

त्या पाच किलोंत दुर्गाबाई भागवतांचं 'ऋतुचक्र' होतं. मी ते भाद्रपदापासून सुरू केलं, तेव्हा जो महिना चालू होता तिथून. दर मराठी महिन्याच्या पाडव्याला एक लेख. इथे पानं पिवळी होऊन गळतात तेव्हा पुस्तकात आश्विन-कार्तिक. काहीच जुळत नाही आणि म्हणूनच बरं वाटतं. खिडकीबाहेर बर्फाचा चिखल आणि हातात पौष. (नुकताच पौष लागला. वाचला.) आता मला अडचण अशी की पुढच्या वर्षी अधिक ज्येष्ठ येतोय. लेख बाराच. त्या महिन्यात काय वाचू?

---

सांजवात | २२ डिसेंबर, सायं. ६.१०

अधिक महिन्यात आईला फोन करायचा रोज.

---

हिमगौरी | २२ डिसेंबर, सायं. ६.१२

:(

केला आत्ता.

---

तिरकस | २३ डिसेंबर, रात्री १.३०

झोप येत नव्हती म्हणून एक्सेल उघडलं. एक प्रयोग केला. शेवटचा रकाना घातला: 'काय आठवतं?' एका ओळीत लिहायचं, पुस्तक न उघडता.

६१पैकी २४ समोर काहीच लिहिता आलं नाही. त्यातल्या सात पुस्तकांना मी पाच तारे दिलेले आहेत. एकाचं तर नाव वाचूनही मी ते वाचलंय हे पटत नाही, पण तारीख आहे, १४ ते १६ मार्च.

ज्यांच्यासमोर लिहिता आलं त्यांत सगळ्यात लांब ओळ 'तुंबाडचे खोत'च्या पुढे आहे. दोन जाड खंड, पावसाळाभर पुरले. तेव्हा संख्येत मागे पडतोय म्हणून चिडचिड झाली होती, खरं सांगतो. मध्ये दोन पातळ पुस्तकं उरकून आकडा सावरला होता. ती दोन्ही त्या २४त आहेत.

एक्सेल टाकत नाही.

---

पाटीपेन्सिल | २३ डिसेंबर, सकाळी ६.४०

तिरकस, +१. आणि तो सगळा बोचरेपणा माझ्याकडून मागे.

जाता जाता, सातारचं साहित्य संमेलन १ जानेवारीपासून. इथलं कुणी येतंय का? मी शनिवारी दोन पोरांना घेऊन येणार आहे. त्यांना ग्रंथप्रदर्शन बघायचंय आणि मला त्यांना पुस्तकं बघताना बघायचंय. बजेट माणशी १५० रुपये, बसभाडं वेगळं.

---

आडवाट | २३ डिसेंबर, सकाळी ९.१५

येतोय. पोरांच्या बजेटमध्ये माझे ५०० धरा. 'कोसला' घेऊन देऊ नका.

---

सांजवात | २४ डिसेंबर, रात्री १०.००

करवंद, सापडलं. तुझी १६ पानं माझ्या आवृत्तीत १३ होतात, टाइप बारीक आहे. स्कॅन करून मेल केलीत. आधी आणि नंतर दोन-दोन ओळी जास्तीच्या ठेवल्यात, म्हणजे सांधा जुळेल. पान उघडताना आईने घातलेली एक खूण मिळाली, एसटीचं तिकीट, गुलाबी, पैसे पुसलेले. तेही स्कॅनमध्ये आलंय एका पानावर, कोपऱ्यात. काढायचं राहिलं.

---

करवंद | २४ डिसेंबर, रात्री ११.५०

वाचली. सगळी. काय म्हणाली ते इथे लिहीत नाही, ज्यांनी वाचलं नाही त्यांनी पुस्तक आणावं. मी मात्र उगाच ११ महिने आपल्या मनाने तो प्रसंग रचत होते, रडारड वगैरे. किती कमी ओळखलं मी तिला.

---

करवंद | ३० डिसेंबर, सायं. ७.३५

धागा वर काढतेय, दोन निरोप द्यायचेत.

बोरूबहाद्दर, आतलं पान बघायला गेले होते, पण 'माझा प्रवास' बाहेर गेलंय. कुणी नेलं ते मॅडम सांगत नाहीत, नियम आहे. पंधरा दिवसांनी.

सांजवात, तुझ्या पानांची प्रिंट काढून आज वाचनालयात नेली. मी चिकटपट्टी काढली तर मॅडमनी हातातून काढून घेतली. म्हणाल्या, वर्षभरात पिवळी पडते आणि कागद खाते. घरून मैद्याची खळ करून आणली होती त्यांनी, थोडा मोरचूद घालून, म्हणजे किडा लागत नाही. (आमच्या वाळवीच्या वेळी या कुठे होत्या!) दोनदा शिवलेला फॉर्मा ब्लेडने मुळापासून अर्धा बोट ठेवून कापला आणि त्या उरलेल्या पट्ट्यांवर तुझी पानं एकेक करून चिकटवली. दीड तास लागला. पाच वाजताची ज्येष्ठांची फळी कादंबऱ्या सोडून आमच्या टेबलाभोवती. एका आजोबांनी सांधा जुळतो का ते वाचून बघितलं आणि पुढे वाचतच राहिले, पुस्तक सुकायला ठेवायचंय असं सांगून काढून घ्यावं लागलं.

मग मॅडमनी तेराही पानांवर वाचनालयाचा शिक्का मारला, एसटीच्या तिकिटाच्या पानावर जरा बाजूला. दाखल रजिस्टर काढलं. लिहिलं, 'देणगी, पाने १३.' देणगीदाराचं नाव विचारलं. मी म्हटलं, पानं माझी नाहीत, सांजवातची. आडनाव? म्हटलं, ठाऊक नाही. त्यांनी चष्म्यावरून बघितलं आणि 'सांजवात' एवढंच लिहून पावती फाडली.

पावती माझ्याकडे आहे. पत्ता व्यनि कर.